लेखी द्या

आत्याची सगळी नोकरी साताऱ्याच्या कोषागारात गेली. आलेल्या बिलात चूक शोधायची, तांबड्या शाईनं आक्षेप लिहायचा आणि बिल परत पाठवायचं, हे तिचं काम. कुणाच्या प्रवासभत्त्यावर तारीख नसे, कुणाच्या सहीखाली शिक्का नसे. 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' हे शब्द तिच्या हातात इतके मुरले होते की निरोप समारंभात मिळालेली समईसुद्धा तिनं सगळ्यांदेखत उलटी करून पाहिली. बुडाशी वजन कोरलेलं नव्हतं. तसं तिनं आभाराच्या भाषणात बोलूनही दाखवलं.

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. त्याच सुमारास घरात ऑनलाइन खरेदी शिरली आणि खरेदीपाठोपाठ नकली माल आला. आत्याला पुन्हा ऑफिस मिळालं.

तिच्याकडं पार्सल नुसतं फोडत नाहीत. ते जेवणाच्या टेबलावर ठेवायचं, शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र तारीख दिसेल असं मांडायचं आणि काकांनी मोबाइल धरायचा. काकांना बोलायची मनाई. "मागून आवाज आला की पुरावा कच्चा होतो." मग आत्या कॅमेऱ्यात बघत, आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तशा आवाजात सांगते, "वेळ सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. खोक्याचं सील शाबूत आहे. मी आता कात्री लावत आहे."

एकदा हे सगळं यथासांग झाल्यावर कळलं, की काकांचा अंगठा पहिल्यापासून शेवटपर्यंत भिंगावर होता. काका म्हणाले, "चिकटपट्टी लावू आणि परत कापू. कोण बघतंय?" आत्या थंड आवाजात म्हणाली, "म्हणजे बनावट मालाविरुद्ध बनावट पुरावा?" काका गप्प बसले. त्या खोक्यात काकांचेच पायमोजे होते आणि ते अस्सल निघाले. आत्या दिवसभर जरा उतरलेलीच होती.

अस्सल वस्तूंमध्ये तिचं मन रमत नाही, हे आम्ही नातेवाइकांनी केव्हाच ओळखलंय. माझ्या वाढदिवसाला तिनं मागवलेल्या बुटांवर तीन पट्ट्यांऐवजी चार निघाले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जी कळा आली ती मी तिच्या नातवाच्या बारशालाही पाहिली नव्हती. "एक पट्टा जास्तच दिलाय की गं," असं काका म्हणाले खरे, पण तोवर पंचिंग मशीन बाहेर आलं होतं. फाइलवर नाव पडलं: 'बूट (भाचा)'. शेजारच्या वहिनी एकदा हौसेनं नवी ऑनलाइन पैठणी दाखवायला आल्या. आत्यानं पदराच्या आतल्या बाजूनं एक धागा ओढला आणि हळदीकुंकवाच्या ऐन गर्दीत निरांजनावर धरला. रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा धागा वितळला आणि त्याची गुठळी झाली. वहिनींचा चेहराही तसाच झाला. पण पंधरवड्यात त्यांचे पैसे परत आले, आणि तेव्हापासून कॉलनीतल्या संशयित वस्तू आत्याच्या दारात येऊ लागल्या. क्रीमच्या डब्या, चार्जर, एका आजोबांचं घड्याळ. (घड्याळ खरं होतं. नुसता सेल संपला होता.)

हे सारं लुटुपुटीचं वाटावं असा कुकर पुढं आला.

कुकर पाच लिटरचा, नावाजलेल्या कंपनीचा, दिवाळीच्या सेलमध्ये निम्म्या किमतीला. निम्म्या किमतीलाच आत्याची भुवई वर गेली होती. आयएसआयचं चिन्ह होतं, त्यावर आयएस २३४७ हा कुकरचा क्रमांकही बरोबर होता. पण चिन्हाखालचा सीएम/एल क्रमांक तिनं 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला, तर तो परवाना भलत्याच उत्पादकाचा निघाला. "बघ," ती मला फोनवर म्हणाली, "दुसऱ्याचा जावक क्रमांक टाकून पत्र पाठवलंय!" तिच्या लेखी याहून मोठा गुन्हा नाही. कुकर फुटला असता तर माणसं भाजली असती, हा मुद्दा तिनं तक्रारीत घातला, पण तिसऱ्या क्रमांकावर.

पहिली गाठ चॅटवरच्या यंत्राशी पडली. 'नमस्कार! मी आपली काय मदत करू?' असं त्यानं विचारताच आत्यानं प्रति, विषय, संदर्भ एक आणि दोन, 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून' इथपासून 'आपली विश्वासू'पर्यंत सगळं टंकलं. यंत्र म्हणालं, 'क्षमस्व, मला समजलं नाही. ऑर्डरबद्दल माहितीसाठी १ लिहा.' आत्याला त्याचा राग नाही आला. "बिचाऱ्याला अधिकारच दिलेले नाहीत," ती म्हणाली. मग माणूस आला. तो म्हणाला, "मॅम, तुमची गैरसोय मी समजू शकतो." आत्या म्हणाली, "समजू नका. लेखी द्या."

शेवटी कुकर परत न्यायला एक पोरगा आला. त्यानं मोबाइलवरचा फोटो पाहिला, कुकर पाहिला, पुन्हा फोटो पाहिला आणि म्हणाला, "मावशी, ॲपमधल्या फोटोशी ही वस्तू जुळत नाही. घेता येणार नाही."

"अरे बाळा, जुळत नाही म्हणूनच तर परत देतेय!"

"ते बरोबर आहे. पण जुळली तरच सिस्टिम घेते."

दुसरी कुणी असती तर त्या पोरावर ओरडली असती. आत्यानं त्याला बसवलं, ताक दिलं, त्याची पायरी कोणती आणि त्याच्या हातात काय आहे याची चौकशी केली आणि पुढ्यात कागद सरकवला. "लिही. वस्तू फोटोशी जुळत नसल्याने स्वीकारली नाही. तारीख टाक. खाली सही." पोरानं ताकाच्या मिशा पुसत सही केली. आपण कंपनीविरुद्ध साक्ष दिली हे त्याला जिना उतरेपर्यंत तरी कळलं नसावं.

मधल्या काळात काकांनी आगाऊपणानं नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. तो भामट्याचा निघाला. "रिफंड पाठवतो, फक्त आलेला ओटीपी सांगा," असं तो म्हणाला. आत्यानं फोन हातात घेतला. "आपलं नाव? पदनाम? आपले वरिष्ठ कोण? ओटीपीची मागणी लेखी करा, मी विचार करते." त्यानं ठगाची सगळी गोडी वापरून पाहिली. आत्यानं त्याला सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक दोनदा सावकाश सांगितला, म्हणजे उतरून घ्यायला सोपं जावं. पुढचं वाक्य ऐकायला तो थांबला नाही.

मग आत्यानं कायदा काढला. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम तिनं छापून स्पायरल करून घेतलेत, आणि पिवळ्या खुणांनी ती पानं हळदीत बुडवल्यासारखी दिसतात. माल सदोष किंवा बनावट असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. पोच एकोणपन्नासाव्या तासाला आली. त्या एका तासाबद्दल आत्यानं वेगळं पत्र लिहिलं. दरम्यान राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर मराठीतून तक्रार नोंदवून झाली होती. कात्रणाची फाइलही तयार होती: असेच आयएसआयचे निकष न पाळणारे कुकर आपल्या मंचावर विकू दिल्याबद्दल केंद्रीय प्राधिकरणानं २०२२ साली दोन मोठ्या कंपन्यांना प्रत्येकी एक लाखाचा दंड केला होता आणि ग्राहकांचे पैसे परत करायला सांगितलं होतं. ते कात्रण तिनं 'सोबत: वरीलप्रमाणे' म्हणून जोडलं.

कंपनी नरमली, पण आधी वाकड्या वाटेनं. अर्धे पैसे घ्या आणि कुकर ठेवा. नको? मग सगळे पैसे, पण कंपनीच्या वॉलेटमध्ये. आत्याला ही सूचना अशी लागली की तिनं चष्मा काढून ठेवला. "ज्या खात्यातून रक्कम गेली त्याच खात्यात ती जमा होईल. मी तेहतीस वर्षं लेखाशीर्ष बदलू दिलं नाही, आता सोळाशे रुपयांसाठी बदलू?"

सोळाशे रुपये. झेरॉक्स, रजिस्टर्ड पोस्ट आणि काकांच्या रिक्षा धरल्या तर त्यातले निम्मे कधीच संपले असतील. ते मी एकदा सुचवलं, तर तिनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. माझ्या मते तिला पैसे नकोच असतात. समोरच्यानं कागदावर 'आपली तक्रार योग्य आहे' एवढं लिहावं, खाली नाव आणि पदनाम असावं, आणि तो कागद तिनं दोन भोकं पाडून फाइलीला लावावा, एवढाच तिचा रिफंड. बिलं तपासणाऱ्या बाईचा हट्ट म्हणून आम्ही हसतो. आणि आमच्यातल्या कुणाला नकली माल मिळाला की दुसऱ्या मिनिटाला फोन तिलाच करतो. मी इअरफोन मात्र गुपचूप ऑफिसच्या पत्त्यावर मागवतो.

शेवटी तिनं ग्राहक आयोगाकडं करायच्या तक्रारीचा मसुदा कंपनीला पाठवून दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि २०१९ च्या कायद्यानं ती राहत्या गावी करता येते, या दोन गोष्टी तिनं ठळक अक्षरांत टाकल्या. चार दिवसांत सोळाशे रुपये मूळ खात्यात जमा झाले. सोबत मेल: 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. वस्तू परत करण्याची आवश्यकता नाही.'

आम्ही पेढे आणले. आत्यानं पेढा हातातच ठेवला.

"आवश्यकता नाही म्हणजे? माल माझ्याकडं आणि पैसेही माझ्याकडं? ही सरळ अफरातफर झाली."

"अगं, देऊन टाक भंगारात," काका म्हणाले.

"आणि भंगारवाल्यानं तो विकला तर? कुणाच्या तरी गॅसवर चढेल तो!"

कुकरवर आता कागद चिकटवलाय: 'पुरावा. वापरू नये.' आत काका चोरून शेंगदाण्याची चिक्की ठेवतात. वस्तू ताब्यात घेऊन पोच द्यावी म्हणून आत्याची कंपनीला पत्रं चालू आहेत, आणि कंपनी पुन्हा पुन्हा विचारते आहे, 'मॅम, आपल्याला नेमका कशाचा रिफंड हवा आहे?'

"नेमका काय ते त्यांना कळत नाही," आत्या तिसरं स्मरणपत्र टंकताना म्हणाली. "सध्या भरती कशी करतात कोण जाणे. तू जरा ती लांब फाइल दे. ती नव्हे, 'कुकर, भाग दोन'."