दीड मीटर शेलार

वसईच्या मोहिमेआधी चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीला नवस बोलला होता, असं सांगतात. १७३९ साली किल्ला पडला आणि देवीला देऊळ मिळालं. आमच्या मेहुण्याचा नवस त्या मानानं किरकोळ होता. भिवंडीहून सायकलीनं निघून वज्रेश्वरीला हातीपायी धड पोचलो, तर एक नारळ. पण अप्पांच्या वाटेत नुसते पोर्तुगीज होते. आमच्या वाटेत शेलार होतं.

मेहुणा काही वर्षं जर्मनीत राहून आलेला. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणतात, यानं नियम आणले. २०२० पासून तिथं कायदाच झालाय की, मोटारवाल्यानं सायकलीला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर जागा सोडायची.

"मग शेलार गावात धरायचं की गावाबाहेर?" मी विचारलं.

नदी नाक्यावर कामवारीचा पूल ओलांडला की भिवंडी शहर संपतं, हे नकाशाला माहीत आहे. शहराला ते कुणी कळवलेलं नाही. अलीकडे महापालिका, पलीकडे शेलारची ग्रामपंचायत. पण यंत्रमागांचा खडखडाट तोच, रिक्षांची गर्दी तीच, आणि मधून वाड्याकडे जाणारा रस्ता. त्यावर कंटेनर, टेम्पो, डंपर, एसटी, शेअर रिक्षा, पाववाल्याची सायकल, शिवाय कुणाच्याच मालकीच्या न वाटणाऱ्या चार शेळ्या. शेवटी आम्ही गावातला दर लावला. दीड मीटर.

हे अंतर लोकांना दिसावं म्हणून मेहुण्यानं कॅरिअरला उजव्या बाजूनं एक कळकाची काठी आडवी बांधली आणि टोकाला लाल फडकं लावलं. तिकडे काही लोक असं करतात म्हणे. आश्चर्य म्हणजे, पुलावरून उतरल्यावर बराच वेळ ते चाललंसुद्धा. मोठमोठे कंटेनर अदबीनं वळसा घालून जाऊ लागले. लोखंडी सळया नेणाऱ्या गाडीमागचं लाल फडकं सगळ्यांच्या ओळखीचं. बाहेर आलेल्या मालाला या रस्त्यावर मान आहे, बाहेर पडलेल्या माणसाला नाही, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

पुढे वाहतूक तुंबली आणि काठी एका शेअर रिक्षात शिरली. आत आधीच पाच जण होते. कडेला डुलकी घेणारे एक आजोबा दचकून जागे झाले आणि त्यांनी आधारासाठी तीच काठी धरली. रिक्षावाल्यानं मागं वळून शांतपणे पाहिलं.

"इस का भी भाडा लगेगा," तो म्हणाला.

काठी सुटली ती आजोबांकडेच राहिली. त्यांना उतरताना उपयोगी पडणार होती.

चहाच्या टपरीवर मेहुण्यानं हा सगळा प्रकार एका मागवाल्या शेठना सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला, दोन्ही हात पसरले आणि टेप न लावता हवेत अचूक दीड मीटर दाखवला. "पँटपीसला सव्वा मीटर जातं," ते म्हणाले. "दीड म्हणजे त्यावर थोडं जास्तच. एवढं तर आम्ही गिऱ्हाईकाला वरचेवर सोडतो."

भिवंडीत रात्रंदिवस मीटरवर मीटर कापड निघतं. गावच्या गावं नेसवता येतील इतकं निघतं. पण सायकलवाल्याच्या उजव्या हाताला त्यातला दीड मीटर सुटत नाही.

"पण एवढा लागतोच कशाला? सायकल काय हातभर रुंद," शेठनी विचारलं.

मेहुणा याच प्रश्नाची वाट बघत होता. सायकलवाला सरळ रेषेत चालतच नाही, तो म्हणाला. खड्डा आला की अर्धा मीटर इकडे, खडी आली की तिकडे. शेजारून अवजड गाडी जोरात गेली की तिच्या वाऱ्यानं आधी ढकलला जातो, मग ओढला जातो. दीड मीटर म्हणजे चैन नव्हे, डुलण्याची सोय. आपल्याकडेही वाहन चालवण्याचे जे नियम २०१७ साली आले, त्यांत पायी चालणारे, सायकलवाले, मुलं आणि म्हातारे यांची विशेष काळजी घ्या असं लिहिलंय. फक्त काळजी किती सेंटिमीटरची, हे ज्यानं त्यानं आपल्या स्वभावाप्रमाणे ठरवायचं.

शेठना ते पटलं. "म्हणजे धोट्यासारखं," ते म्हणाले. "मागाचा धोटा ये-जा करतो तेवढी वाट ताण्यानं उघडून द्यायची असते. उघडली नाही, तर धोटा अडकतो आणि मग शंभर धागे तुटतात. नुकसान एकट्या धोट्याचं नसतं." आम्ही गप्प झालो. जर्मन सरकारनं हेच सांगायला कलम-पोटकलमं खर्ची घातली होती.

टपरीवरून निघालो तोच मागून टेम्पोच्या क्लीनरनं दारावर थापा मारल्या. "अंकल, किनारे से चलो ना!" हा सल्ला शेलारमध्ये आम्हाला सर्वांनी दिला, आणि तो देणाऱ्यांपैकी एकही कधी किनाऱ्यानं चाललेला नसावा. किनाऱ्यावर काय काय असतं? वाळू, चिखल, गटाराचं अर्धवट झाकण, उभे टेम्पो आणि उघडणारी दारं. कडेला चिकटलेला सायकलवाला प्रत्येक उभ्या गाडीपाशी अचानक उजवीकडे येतो, आणि मागच्या ड्रायव्हरला तेव्हाच कळतं की इथं कुणी होतं. त्यापेक्षा कडेपासून हातभर आत, सरळ आणि दिसेल असं चालवावं, वळताना हात दाखवावा, असं मेहुण्याचं शास्त्र. तो ते मला मागं वळून सांगत होता. म्हणून एका उभ्या मोटारीचं उघडणारं दार त्याला दिसलं नाही. ब्रेकचा मोठा आवाज आला आणि दार व मेहुणा यांच्यात एक वीत उरली.

उतरणारे गृहस्थ जरीच्या टोपीत, लग्नाला निघालेले. मेहुण्यानं त्यांना न रागावता हॉलंडची पद्धत शिकवली. चालकानं उजवं दार उजव्या हातानं उघडायचंच नाही, डाव्या हातानं उघडायचं. डावा हात तिथवर नेताना अंग आपोआप वळतं, मान मागं जाते आणि येणारी सायकल दिसते. इंग्लंडनंही २०२२ साली हे आपल्या रस्तानियमांत घातलंय.

"डाव्या हातानं?" गृहस्थांचा चेहरा पडला. "अहो, शुभकार्याला निघालोय!"

"मग मुहूर्तापुरतं तरी आरशात बघा," मेहुणा म्हणाला.

पुढे एक कंटेनर गोदामाचा नंबर लागेपर्यंत कडेला उभा होता. मागं 'हॉर्न ओके प्लीज' रंगवलेलं. विनाकारण हॉर्न वाजवायला हे आमंत्रणच आहे, म्हणून २०१५ साली महाराष्ट्रानं या अक्षरांवर बंदी घातली. अक्षरांनी ती अजून वाचलेली नाही. ड्रायव्हर आष्टीकडचा, बोलका. मेहुण्याचं व्याख्यान त्यानं तंबाखू मळत ऐकून घेतलं.

"पाव्हणं, एकदा वर बसून बगा की," तो म्हणाला.

मेहुणा केबिनमध्ये चढला. मला ड्रायव्हरनं सायकलीसकट कंटेनरच्या डाव्या अंगाला, पुढच्या चाकाशी उभं केलं.

"भाऊजी, कुठं गेलात?" वरून आवाज आला.

"इथंच आहे!"

"मस्करी नका करू. कुठं आहात?"

मी घंटी वाजवली, हात हलवला, तरी सहा फुटांवरून माझ्या बायकोचा सख्खा भाऊ मला शोधत होता. मग ड्रायव्हरनं मला मागं मागं नेलं, आणि आरशात जेव्हा मला मेहुण्याचं तोंड दिसलं, तेव्हाच त्याला माझं दिसलं. "हाच हिशेब," ड्रायव्हर म्हणाला. "आरशात आमचं त्वांड दिसंना, म्हंजी तुमी आमाला नाय. आन् डावीकडं वळताना म्होरलं चाक लांबनं जातं, मागलं कोपरा कापत येतं. त्या कोपऱ्यात घुसू नगा. हितं शाळंची पोरं घुसत्यात, काळजाचं पानी व्हतं."

मेहुणा वरच होता, अगदी गप्प. ड्रायव्हर त्याच्या गिअरच्या सायकलीकडे पाहत होता.

"एक चक्कर मारू का?"

तो गेला. थोड्या वेळानं परत आला तो घामेजलेला आणि भडकलेला. मागून डंपर चाटून गेला होता, एका टेम्पोनं कारण नसताना हॉर्न वाजवला होता आणि रिक्षावाल्यानं पुढ्यात येऊन प्रवासी उतरवला होता. "काय मान्सं हाईत का कोन!" तो ओरडत होता. "येवढा रस्ता पडलाय, आन् ह्यांना आमच्याच अंगावर यायचंय!" आता त्याच्या पुढ्यात खड्डा, खड्ड्यापलीकडे त्याचाच कंटेनर. खड्डा चुकवायला त्यानं सायकल रस्त्याच्या मध्ये घेतली.

किल्ली त्याच्या खिशात होती, पण हॉर्नला किल्ली लागत नव्हती. केबिनमधून तो असा काही कडाडला की शेळ्यासुद्धा पांगल्या.

"ए, डोळे हाईत का बटणं?" ड्रायव्हर सायकलीवरून गरजला.

दीड मीटरचा पुरस्कर्ता काचेतून अर्धा बाहेर आला.

"मधोमध काय चालवता, राव? कडेनं चालवा ना!"