ब्रेक बदलून आणलेल्या नवशिक्यांसाठी

शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमधून पुढचे ब्रेक पॅड बदलून गाडी आणली आणि पहिल्याच सिग्नलला चाक किंचाळलं, तर आधी काच वर करा. नाहीतर शेजारचा रिक्षावाला फुकट निदान करतो, आणि ते बहुधा बरोबर निघतं.

पेडल मात्र दाबल्यावर खोलवर जात असेल, तर पुढचं वाचू नका आणि गाडीही हलवू नका. ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिली असण्याची शक्यता आहे. गाडी टो करूनच न्यायला लावा. नुसता आवाज असेल, तर रीतसर मनस्तापाला वेळ आहे.

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणेल, "नवीन पॅड आहेत सर, सेट व्हायला वेळ लागतो." नवशिका इथेच गारद होतो, कारण हे अर्धं खरं आहे. पॅड डिस्कवर नीट बसायला दोन-तीनशे किलोमीटर जाऊ शकतात. उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही: कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावायचं राहिलं, पॅडमागची शिम जुन्या पॅडबरोबर भंगारात गेली, किंवा खाचा पडलेल्या डिस्कवर नवे पॅड चढवून मोकळे झाले.

आता टेस्ट ड्राइव्ह. ॲडव्हायझर शेजारी बसला की आवाज बंद होतो. गाडी माहेरच्या माणसांसमोर कधीच कुरकुर करत नाही. म्हणून सकाळी, गाडी थंड असताना जा. कंपाउंडच्या भिंतीला लागून, काचा खाली करून, वीसच्या स्पीडने चालवा आणि ब्रेक हलकेच दाबा. भिंत आवाज परत पाठवते. मग ॲडव्हायझर मोबाइलमध्ये बघू लागतो, म्हणजे त्यालाही ऐकू आलं.

जॉब कार्डवर तो 'ब्रेक नॉइज, चेक' एवढंच लिहील. त्यावर सही करू नका. 'पॅड बदलल्यापासून, हलक्या ब्रेकवर, पुढच्या डाव्या चाकातून आवाज' असं लिहायला लावा. कॉम्प्युटरमध्ये तसा ऑप्शन नाही म्हणेल. रिमार्कचा रकाना असतो, तो दाखवा. हे वाक्य नसेल, तर संध्याकाळी गाडी धुऊन मिळते आणि बिलात 'ब्रेक क्लीनिंग' लागतं, वर 18 टक्के जीएसटी.

चाक उघडलं की वर्कशॉपमध्ये जायचा हट्ट धरा. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर बहुधा 'मिन टीएच' अशी अक्षरं आणि पुढे मिलिमीटरचा आकडा असतो. डिस्क त्याहून पातळ झाली असेल तर ती बदलायची, पॅड कितीही नवे असोत. "मोजून दाखवा" म्हणा. व्हर्नियर स्टोअरमध्ये असतो आणि स्टोअरवाला जेवायला गेलेला असतो. थांबा. तोवर जुने पॅड मागा. पिशवीतून येतील ते तुमच्याच गाडीचे आहेत का, हे आकार ताडून बघा.

एवढ्याने भागलं नाही, तर कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करता येतो. ते तक्रार क्रमांक देतात आणि तक्रार त्याच ॲडव्हायझरकडे पाठवतात. त्यापेक्षा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915, बरी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जॉब कार्डवरची ती रिमार्कची ओळ तिथे वकिलाइतकी कामाची. आयोगाचं नाव काढल्यावर चहा येतो. प्या.

काम झालं असं ते ठरवतात, तेव्हा ॲडव्हायझर हळूच म्हणतो, "सर, फीडबॅकचा कॉल येईल. दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आमचं इन्सेंटिव्ह जातं." एवढी एकच दोरी तुमच्या हातात आहे, ती लगेच सोडू नका. कॉल आला की सांगा, "गाडी चालवतोय, ब्रेक लागला की बोलतो."