मानचिन्हांचा अनुशेष

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दरवर्षी अनुशेषावर घसे कोरडे होतात. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. दांडेकर समितीने तर 1984 सालीच तो मोजून हातात ठेवला होता. पण राज्याच्या मानचिन्हांचं वाटप कसं झालंय, यावर कुणी आमदार वेलमध्ये उतरून कागद भिरकावताना दिसला नाही. ते काम नाइलाजाने या सदराला करावं लागतंय.

राज्यमासा पापलेट, 2023 मध्ये जाहीर झाला, गेला कोकणात. राज्य कांदळवन वृक्ष पांढरी चिप्पी. तिला खारं पाणी लागतं, म्हणजे तीही कोकणात. राज्यवृक्ष आंबा. कोकणी माणसाने हापूसच्या पेटीवर हात ठेवून तोही आपल्या सातबाऱ्यावर चढवून घेतलाय. मराठवाड्याच्या केसरला भौगोलिक मानांकन कोकणच्या हापूसच्या आधी मिळालं, हे रत्नागिरीत मोठ्याने बोलायची सोय नाही. ताम्हण, हरियाल आणि राणी पाकोळी हे फूल, पक्षी नि फुलपाखरू कुठल्याही विभागात भेटतं, म्हणजे सरकारी हिशोबात कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही.

राहिला राज्यप्राणी. शेकरू मेळघाटातही आहे, पण नाव झालं भीमाशंकरचं, म्हणजे पुणे जिल्ह्याचं. आणि खरं सांगायचं तर तो पुण्याला शोभतोही. भर दुपारी फांदीवर आडवा होतो. जमिनीला सहसा पाय लावत नाही. जीव एकटा, पण आसपासच्या झाडांवर घरटी अनेक. त्यातलं राहायचं कुठलं आणि गुंतवणुकीचं कुठलं, हे त्यालाच ठाऊक. शिवाय या झाडावरून त्या झाडावर वीस-वीस फुटांची उडी मारतो. एवढा गुण अंगी असलेला प्राणी एका जिल्ह्यापुरता ठेवणं विधिमंडळाला परवडलंच नसतं.

याच भीमाशंकरी शेकरूच्या शास्त्रीय नावाचं शेपूट आहे ‘एल्फिन्स्टनी’. होय, पेशवाई बुडवणाऱ्या त्याच साहेबाचं. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाचं नाव 2018 मध्ये प्रभादेवी झालं, शेकरूचं मात्र तसंच राहिलं. अजून कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. आता आम्हीच बोलून बसलो.

विदर्भाला काय मिळालं? राज्यगीत लिहिणारे राजा बढे नागपूरचे, हे मान्य. पण स्वीकारताना सरकारने त्यातली दोनच कडवी घेतली. विदर्भाच्या वाट्याला आलेल्या एकमेव गोष्टीतही कपात! वाघ ताडोबात राहतो, मान दिल्लीच्या खात्यात जमा होतो, कारण तो राष्ट्रीय प्राणी. संत्र्याचं म्हणाल, तर राणी पाकोळीच्या अळ्या लिंबूवर्गीय झाडांची पानं खातात. म्हणजे राज्याचं एक मानचिन्ह संत्र्याच्या बागेत येतं खरं, पण जेवायला.

उत्तर महाराष्ट्रात आधी घरातलंच भांडण मिटायला हवं. जळगाव भरताच्या वांग्यावर अडलंय, नाशिक कांद्यावर. कांद्याला मान दिला, तर दुसऱ्या दिवशी दिल्लीहून निर्यातबंदी यायची. डिसेंबर 2023 मध्ये तर ती मान न देताच आली होती.

मराठवाड्याने आपलं मानचिन्ह केव्हाच ठरवून टाकलंय, जीआर तेवढा निघायचा बाकी आहे. टँकर. गंजलेला, गळका, आणि तो गावात शिरला की मागे घागरी घेऊन पळणारं अख्खं गाव. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा टँकरला बढती मिळून त्याची गाडी झाली. अडचण एकच. मानचिन्ह जाहीर केलं की सरकारला त्याचं संवर्धन करावं लागतं, आणि टँकरचं संवर्धन कसल्याही घोषणेशिवाय उत्तम चाललंय.

समन्यायी वाटप साधलं ते एकदाच. 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून जाहीर केलं, आचारसंहिता लागायच्या पंधरा दिवस आधी. गाय छत्तीसही जिल्ह्यांत आहे. हरियालसारखी ती वडा-उंबराच्या शेंड्यावर दुर्बिणीने शोधावी लागत नाही. भर रस्त्यात बसलेली असते, आणि वाहतूक तिला प्रदक्षिणा घालून जाते.

मुंबईचा अर्ज अजून आलेला नाही. तिला राज्यमासा रवा लावून, कुरकुरीत तळून हवा असतो; तेवढं मिळालं की बाकीच्या मानचिन्हांवर ती हक्क सांगत नाही.