सुखाने म्हातारे व्हा: रक्तवाहिनीतील नवोदित ज्येष्ठ पेशींसाठी प्राथमिक मार्गदर्शन

पेशीबाई, अभिनंदन! आपण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात, एंडोथेलियममध्ये, इमानेइतबारे नोकरी केलीत आणि मालकांनी आता चाळिशी ओलांडली आहे. कामचुकारपणा सुरू करायला हा उत्तम मुहूर्त. (मालक नसून मालकीण असेल, तर पाळी जाईपर्यंत जरा दम धरा. तोवर इस्ट्रोजेन तुम्हाला सहजी म्हातारं होऊ देत नाही.)

सुरुवात नायट्रिक ऑक्साइडपासून करावी. रक्त अंगाला घासून गेलं की तुम्ही हा वायू तयार करता, त्याने शेजारच्या स्नायुपेशी सैलावतात आणि धमनी रुंदावते. हे काम साधंसुधं नव्हे. ब्रुकलिनच्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 साली दाखवून दिलं, की सशाच्या महाधमनीचं अस्तर खरवडून काढलं तर एरवी तिला सैल करणारं अ‍ॅसिटिलकोलीन तसं करू शकत नाही. या शोधाच्या वाटेवर पुढे 1998 चं नोबेलही आलं, इग्नारो आणि मुराद यांच्यासह. एवढ्या मानाच्या पदाचा तडकाफडकी राजीनामा देऊ नये. वायू बनवणारं एन्झाइम हजेरीपटावर राहू द्यावं, फक्त त्याच्याकडून सुपरऑक्साइड बनवून घ्यावं. हे सुपरऑक्साइड उरलासुरला नायट्रिक ऑक्साइडही संपवून टाकतं. काम बंद, वर दुसऱ्याच्या कामाचा विचका!

आता विभाजन थांबवा. माणसाच्या पेशी काचपात्रात साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि मग थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 मध्येच सांगून ठेवलं आहे. नवशिक्या पेशी इथे हमखास चुकतात: थांबल्या की मुकाट्याने मरून जातात. तुम्ही मरू नका. ऐसपैस पसरा आणि बोलायला लागा. इंटरल्यूकिन-6 सारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत राहिलात की धडधाकट शेजारणीही म्हाताऱ्या होऊ लागतात. अंगावर चिकट प्रथिनं मिरवा, म्हणजे रक्तातून चाललेल्या पांढऱ्या पेशी अडकतील, भिंतीत शिरतील आणि तिथल्या कोलेस्टेरॉलवर ताव मारून फुगतील. जमल्यास गळ्यातली धमनी दुभंगते तिथे बदली मागून घ्या. सरळ धमनीत प्रवाहाच्या दिशेने शिस्तीत रांग धरावी लागते. फाट्यावर रक्त भोवऱ्यासारखं फिरतं आणि तिथे बेशिस्त खपून जाते.

स्नायुपेशींना काही शिकवण्याची गरज नाही. धमनीला लवचीक ठेवणारं इलास्टिन बहुतेक बालपणातच तयार होतं, पुढे त्याची फारशी भर पडत नाही. हृदयाचे दिवसाला सुमारे एक लाख ठोके सोसून ते तुटत जातं आणि कडक कोलॅजन वाढतं. काही स्नायुपेशी तर आपला धंदा सोडून हाडांच्या पेशींचा धरतात आणि भिंतीत कॅल्शियम साठवू लागतात. धमनी ताठ झाली की साठीनंतर रक्तदाबाचा वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. मालक म्हणतात, ‘वयोमानाप्रमाणे व्हायचंच.’ या वाक्याइतकं संरक्षण तुम्हाला दुसरं कुणी देणार नाही.

विडी-सिगारेट ओढणारे मालक लाभले तर पेशीचं नशीबच फळफळलं, चाळिशीची वाटसुद्धा पाहावी लागत नाही. मात्र रोज झपाझप चालायला जाणाऱ्या मालकांपासून सावध राहा. रक्त जोराने घासू लागलं की तुम्हाला पुन्हा कामाला लागावं लागतं. वर्षानुवर्षं नेमाने व्यायाम करणाऱ्या साठीतल्या पुरुषांच्या धमन्या जवळपास तरुणांइतक्या रुंदावताना आढळल्या आहेत. अशा घरी ही पुस्तिका निरुपयोगी आहे.

आणि हे पान चुकून मालकांच्याच हाती पडलं असेल, तर साहेब, रक्तदाबाचे दोन्ही आकडे लिहून ठेवत जा. वरचा आकडा वारंवार 140 च्या पुढे दिसला तर ‘वय झालं’ म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा.