काटेकाका

कामशेतच्या टेकडीवर वारा पडला की काटेकाका सुरू होतात. वारा लागलेला असला तर त्यांना कोणी विचारत नाही. जो तो पंख पसरून आधी उडायच्या घाईत. पण मार्चच्या दुपारी एखादा तास असा येतो, की विंडसॉक काठीला चिकटून लोंबतो, दहा-बारा पॅराग्लायडिंगवाले करवंदीच्या जाळीची टीचभर सावली वाटून घेतात, आणि पाठीमागून आवाज येतो, "तुझं सगळ्यासकट वजन किती रे?"

काटेकाका एकटे नाहीत, ती एक जमात आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत चहा येण्याआधी उपविधीचं पोटकलम काढणारे ते हेच. गाडीत शेजाऱ्याची ट्रंक बघून दुसऱ्या वर्गाला फुकट सामान ३५ किलोच, हे त्याला ऐकू जाईल अशा बेताने खिडकीबाहेर बघत सांगणारेही हेच. गणेशोत्सवातल्या संगीत खुर्चीत "टेकलं म्हणजे किती टेकलं?" हा प्रश्न उपस्थित करून स्पर्धा पुढच्या दिवसावर ढकलल्याचं श्रेयही यांच्याच घराण्याकडे जातं. मावळात ही जमात टेकडीवर चढली, इतकंच. तळेगाव-लोणावळा पट्ट्यातल्या कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं क्वालिटी खात्यात मायक्रोमीटर फिरवलेला माणूस निवृत्त झाला, की त्याच्या हाताला काहीतरी मोजायला लागतं. काकांना हवा मोजता येईना, म्हणून त्यांनी हवेत जाणारी माणसं मोजायला घेतली.

त्यांच्या पाठपिशवीत हुकाचा डिजिटल काटा असतो, न्हाणीघरातला चपटा काटा असतो, त्या काट्याखाली ठेवायला प्लायवुडचा चौकोन असतो आणि लॅमिनेट केलेल्या नियमावल्या असतात. डब्यात पोळीभाजी असते. तीही वजन केलेली.

'सगळ्यासकट' हा त्यांचा लाडका शब्द. पॅराग्लायडरचा पंख मापावर मिळतो आणि प्रत्येक मापाला बनवणाऱ्याने वजनाची हद्द आखून दिलेली असते, समजा ८० ते १०० किलो. ही हद्द नुसत्या माणसाची नव्हे. माणूस, पाचेक किलोंचा पंख, बसायचं हार्नेस, आणीबाणीची छत्री, हेल्मेट, बूट, जॅकेट, पाण्याची बाटली, सगळं धरून. ईएन ९२६ या युरोपीय मानकाप्रमाणे पंखाला ए, बी, सी, डी असा वर्ग मिळतो. तो देण्याआधी चाचणी घेणारे पायलट तोच पंख हद्दीच्या खालच्या टोकाला उडवून बघतात आणि वरच्या टोकालाही. म्हणून हद्द ओलांडली की तुमच्या 'बी' वर्गाचा शिक्का नावापुरताच उरतो. काका म्हणतात, "मग तो पंख नाही, ताडपत्री."

यात काका शंभर टक्के बरोबर आहेत, आणि हीच त्यांची अडचण आहे. बरोबर असलेल्या माणसाशी वारा पडलेला असताना कोण भांडणार?

आता हद्दीच्या आतही राजकारण आहे. खालच्या टोकाला उडालात तर पंख ढिला राहतो आणि खवळलेल्या हवेत लवकर मिटतो. वरच्या टोकाला तो ताठ राहतो, जोरात जातो, पण मिटलाच तर झटकाही तसाच जोरात देतो. ज्यांना अंतर कापायचं असतं, शर्यतीत उतरायचं असतं, त्यांना जोर हवा असतो. मग ते हार्नेसमध्ये पाण्याची पिशवी भरून घेतात. त्याला बॅलास्ट म्हणायचं. गणित काकांना तोंडपाठ आहे. वजन १० टक्क्यांनी वाढवलं की वेग सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ताशी ३८ किलोमीटरचे ४० होतात. ८५ किलोंच्या ऐवजासाठी हे १० टक्के म्हणजे साडेआठ लिटर पाणी. ते टेकडीवर चढवायचं, आभाळात न्यायचं आणि उतरण्याआधी हवेत सोडून द्यायचं.

पंखांच्या बॅगा वर आणणाऱ्या गावातल्या पोराने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, उडवायचं तुमी, पन वर आनायचं आमीच ना?"

"वाहतुकीबद्दल नियम मौन आहे," काका म्हणाले.

त्याच पोराला एकदा कोणीतरी "येताना बॅलास्ट घेऊन ये" असं सांगितलं होतं. त्याचे मामा रेल्वेत गँगमन. पोरगा पोतंभर खडी घेऊन वर आला. काकांनी त्याला झाडाखाली बसवून संपूर्ण कलम ऐकवलं: हवेतून टाकायचं वजन म्हणजे पाणी किंवा बारीक वाळू, तिसरं काही नाही, कारण खाली माणसं असतात, शिवाय खडी ही रेल्वेची मालमत्ता. पोराला दुसरं कारण जास्त पटलं. मग एका हौशी पायलटने विचारलं, "काका, तांदूळ चालेल? इंद्रायणी, आपल्या वडगावचाच आहे." काका हसले नाहीत. तांदूळ वाळूपेक्षा बारीक की जाड, यावर त्यांनी खरोखर विचार केला. शेवटी निकाल दिला, की अन्न हवेतून टाकायचं नाही. हे कुठल्याही नियमावलीत नव्हतं, ते त्यांच्या आईचं होतं.

वजन घेण्याचा सोहळा बघण्यासारखा असतो. सह्याद्रीचा कातळ काही कारखान्याची फरशी नव्हे. काटा एका जागी ठेवला की पायलट ७१.४ भरतो, वीतभर सरकवला की ७०.८, प्लायवुडवर ७२.१. हलक्या पायलटला ७२.१ आवडतं, जाड्याला ७०.८. काका दोघांनाही खाली उतरवतात, चौकोनाखाली चपटा दगड सारतात, पाणसळीऐवजी पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा मधोमध आणतात आणि पुन्हा पहिल्यापासून. तोवर खिशातला मोबाइल, किल्ल्या, सुटे पैसे या सगळ्यांची सुनावणी चालू असते. "मोबाइल बरोबर नेणार आहेस? मग काढून का ठेवलास?" एकाने वजनाआधी गुपचूप लिटरभर ताक प्यायलं. काकांना मिशीवरून कळलं. त्यांचा दंडक साधा आहे: पोटात असो की पिशवीत, जमीन सोडताना जे वर जातं ते वजन. त्यावर कोणीतरी विचारलंच, की मग प्यायलेलं पाणी वाटेत सोडलं तर तो बॅलास्टच म्हणायचा का. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "द्रव्य नियमात बसतं," ते म्हणाले, "हेतू बसत नाही."

हद्द लिहिलेली कापडी चिठ्ठी पंखाच्या आत शिवलेली असते. कुठल्या कप्प्यात, ते बनवणाऱ्याच्या मर्जीवर. पंखाचा मालक ती पहिल्या दिवशी बघतो, पुढे आयुष्यात बघत नाही. काका मात्र तोंडी आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत. ते गुडघ्यांवर बसतात, पंखाच्या पुढच्या कडेच्या तोंडातून आत शिरतात आणि मोबाइलच्या उजेडात पुढे पुढे सरकत राहतात. बाहेर फक्त दोन मोजे आणि सँडल. भगव्या-निळ्या कापडातून आवाज येत राहतो, "पंचाहत्तर ते पंच्याण्णव... अरे, तू तर शंभर सांगत होतास!" एकदा अशा वेळी नेमका वारा आला. पंख अर्धवट फुगला, काका आत उभे राहिले, आणि सगळे धावले ते वाऱ्यासाठी की काकांसाठी, हे अजून ठरलेलं नाही.

काकांचा खरा आनंद आकड्यात नाही, अर्थ लावण्यात आहे. देहू इथून हाकेवर, तेव्हा दाखलाही तिथलाच येतो. पंचांगात कधी कधी दोन एकादशा लागून येतात, एक स्मार्त आणि एक भागवत. तिथी एकच, शास्त्रही एकच, पण आदल्या दिवशीची दशमी पहाटे कुठवर रेंगाळली यावरून दोन घरांत दोन दिवशी साबुदाणा भिजतो. काकांच्या मते वजनाचंही तेच आहे. कमलाकर भट्टांनी १६१२ साली निर्णयसिंधु लिहून तिथींचे घोळ निस्तरले, तसा एखादा ग्रंथ पॅराग्लायडिंगला हवा आहे. लेखक कोण, हे ते सांगत नाहीत, पण त्या वेळी दोन रंगांची पेनं खिशातून डोकावत असतात.

अर्थ लावण्याच्या या ओढीने ते भलतीकडेही गेले आहेत. रेडिओवर चालणाऱ्या खेळण्यातल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती असतात, त्यांतल्या 'वन मीटर' नावाच्या आंतरराष्ट्रीय वर्गाची नियमावली काकांनी मिळवली. तशी होडी त्यांनी जन्मात पाहिलेली नाही. वळवणच्या पाण्यावरही नाही, पवनेच्या पाण्यावरही नाही. पण होडी जास्तीत जास्त १००० मिलिमीटर लांब, वजन किमान ४००० ग्रॅम, खालची पाती आणि शिशाचा गोळा मिळून २२०० ते २५०० ग्रॅम, हे वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते इतरांच्या चेहऱ्यावर पहिल्या पावसात भजी खाताना दिसतं. आणि त्याहून गोड म्हणजे हा 'बंद' नियमांचा वर्ग. जे करायची परवानगी लिहून दिलेली नाही, ते करायचं नाही. 'खुल्या' नियमांत उलटं, जे मना केलेलं नाही ते चालतं. काका म्हणतात, आपल्या देशाचं मूळ दुखणंच हे आहे, की सगळे खुल्या नियमांवर जगतात. लोणावळ्यात शनिवारी जुन्या महामार्गावर गाडी घातलेल्या कोणालाही हे पटावं.

रविवारी पुण्या-मुंबईचे पर्यटक टँडमला येतात, पुढे प्रवासी आणि मागे पायलट. तेव्हा काका खालच्या शेडपाशी उभे राहतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही. टँडम पायलट गावातलाच तिशीतला पोरगा. तो माणसाच्या बुटांकडे आणि चालण्याकडे बघून वजन ओळखतो आणि सहसा चुकत नाही. काका मात्र रीतसर विचारतात.

"वजन?"

"पंच्याऐंशी," गृहस्थ पोट आत घेऊन सांगतात.

"कधीचं?"

गृहस्थ बायकोकडे बघतात. "लग्नातलं असेल," बाई म्हणतात.

२०२४ चा ऑगस्ट काकांना फार जड गेला. पॅरिसला विनेश फोगाट कुस्तीच्या ५० किलोंच्या गटात १०० ग्रॅमने बाहेर गेली, ती ७ ऑगस्टला. मावळात पाऊस धो धो, उडणं बंद, काका घरी. जत्रेच्या आखाड्यात पंच दोन पैलवानांना उभे करतात, डोळ्यांनी जोखतात आणि जोड लावतात. तिथे काटा लागत नाही. पण ऑलिंपिकमध्ये लागतो, आणि पहिल्या दिवशी वजनात बसलेली पोरगी दुसऱ्या दिवशीही बसावीच लागते, हे काकांना मान्यच होतं. त्यांनी आठवडाभर नियमाची बाजू घेतली. कोणीतरी नियम वाचवायला नको का? पण १०० ग्रॅम म्हणजे किती, हे बघायला त्यांनी चिक्कीचं पाकीट फोडून निम्मी चिक्की काट्यावर ठेवली, आणि मग ती कोणाला खाऊ दिली नाही.

लोक म्हणतात, स्वतः उडत नाहीत म्हणून काका दुसऱ्यांना छळतात. हे खरं नाही. काकांकडे पंख आहे, हद्द ८० ते १००. काका सगळ्यासकट १०४ भरतात. वरचं माप घ्यावं तर त्याची हद्द ९५ ते ११५. त्यात काका खालच्या अर्ध्यात येतात, आणि ढिल्या पंखाखाली ते बसणार नाहीत. टेकडीवर चार-चार किलो जास्तीचे लोक बिनदिक्कत उडतात, कोणी विचारत नाही. काकांनाही कोणी विचारलं नसतं, कारण विचारणारे तेच एक. दर पावसाळ्यात ते चार किलो उतरवायचा संकल्प करतात आणि दर गणपतीत मोदक येतात. ओळखीच्यांनी "काका, आज तुम्ही नाही?" असं विचारलं, तर ते आभाळाकडे बघून म्हणतात, "वारा बरोबर नाही." टेकडीवर ते एवढं एकच खोटं बोलतात.

गेल्या मोसमात मात्र त्यांना मनासारखी केस मिळाली. एक सडपातळ पोरगी आली, ५२ किलोंची, सगळ्यासकट ६७. तिच्या पंखाची हद्द ६५ ते ८५. म्हणजे आत होती, पण खालच्या टोकाला. आयुष्यभर कमी करायला सांगणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कोणालातरी वाढवायला सांगता आलं. आठ लिटर, ७५ किलो, हद्दीच्या बरोबर मध्यावर. काकांनी पाणी स्वतः मोजून भरलं, आणि पहिल्यांदाच पाण्याचं पिंपही स्वतःच वर आणलं. पोर उडाली, तासभर तरंगली आणि पाणी न सोडताच खालच्या वस्तीजवळच्या भातखाचरात उतरली.

काका धापा टाकत खाली पोचले तेव्हा पोरगी पिशवीची तोटी शोधत होती आणि वस्तीतल्या एक मावशी हंडा कमरेवर घेऊन बघत उभ्या होत्या. एप्रिल चालू होता. वस्तीची विहीर तळाला गेलेली. "वतून देनार का?" मावशींनी विचारलं.

सगळ्यांनी काकांकडे बघितलं. पाणी उतरण्याआधी सोडायला हवं होतं, ते सोडलं नाही. आता या पाण्याचा दर्जा काय? काकांनी लॅमिनेट काढलं, चष्मा वर केला आणि खाचरात उभ्या उभ्या वाचलं. "सोडता आलं पाहिजे, असं म्हटलंय," ते म्हणाले. "सोडलंच पाहिजे, असं कुठे म्हटलंय? आणि कुठे सोडायचं, हेही लिहिलेलं नाही." त्यांनी स्वतः तोटी उघडली. हंड्यात आठ लिटर पडले. मावशी म्हणाल्या प्लास्टिकचा वास येतोय, पण म्हशीला चालंल.

त्यानंतरच्या रविवारी काका टेकडीच्या पायथ्याशी काटा लावत होते, तर मावशी दोन हंडे घेऊन आल्या.

"ती हलकी पोरगी नाय का आली आज?"

"नाही आली."

मावशींनी रांगेतल्या पायलटांना पहिल्यापासून शेवटपर्यंत न्याहाळलं. "मग यांच्यातला कोन हलका हाय, ते सांगा ना."