स्वभावचित्र रेखाटण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

मराठीच्या पेपरात ‘स्वभावचित्र रेखाटा’ असा प्रश्न दिसला की काही होतकरू विद्यार्थी विचार करू लागतात, आणि तिथेच त्यांचे गुण जातात. हे टाळण्यासाठी पुढील पद्धत देत आहोत. नमुन्यादाखल राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घेतले आहे. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी वारले आणि नाटक रंगभूमीवर आले ते फेब्रुवारीत. त्यामुळे ‘तुम्हाला नेमके काय म्हणायचे होते?’ असे लेखकाला विचारण्याची सोय पहिल्या प्रयोगापासूनच उरली नाही. परीक्षकांना असे लेखक फार मानवतात.

1. गुण मोजून विशेषणे काढावीत. चार गुणांना चार. नाटकाचा नायक सुधाकर : बुद्धिमान, स्वाभिमानी, तापट, व्यसनी. शेवटचे अधोरेखित करावे. ही चारही एकाच माणसात कशी नांदतात, हे कोणी विचारलेले नाही.

2. कारण एकच धरावे : दारू. नाटकाच्या नावातच पेपर फुटला आहे. नाटक वाचणाऱ्याला मात्र भलतेच दिसते. प्याला हाती येण्याआधीच भर कोर्टात सुधाकराचा तोल गेलेला असतो. वकिलीची सनद काही काळापुरती जाते ती तो पूर्ण शुद्धीत असताना. पुढे दारू सोडून तो नोकरी मागत फिरतो, तेव्हा प्रतिष्ठित मंडळी त्याचा पाणउतारा करतात आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. दोन्ही वेळा आधी अपमान, मग दारू. ही संगती लक्षात आल्यास ताबडतोब विसरावी. तिच्यामुळे ‘व्यसनाचे दुष्परिणाम’ हा पाठ केलेला परिच्छेद वाया जातो.

3. सद्गुणी पात्राला हेतू चिकटवू नये. सुधाकराची बायको सिंधू पतिव्रता आहे, सबब ती दळणे दळते. माहेर सुखवस्तू, भाऊ पद्माकर मदतीला तयार, तरी ती हात पसरत नाही, कारण नवऱ्याची तशी आज्ञा. यात निष्ठा किती आणि तिचा स्वतःचा करारीपणा किती? नवऱ्याला सोडून त्या काळच्या बाईला उभे राहायला दुसरी जागा तरी होती का? असे प्रश्न डोक्यात येतात. येऊ द्यावेत, उत्तरपत्रिकेत उतरू देऊ नयेत.

4. खलपात्राच्या नादी लागू नये. तळीरामाने पहिला प्याला पुढे केला, एवढे पुरे. आर्य मदिरामंडळ या दारुड्यांच्या मंडळातल्या त्याच्या युक्तिवादांना प्रेक्षक खदखदून हसतात आणि हसता हसता घटकाभर त्याच्या पक्षाचे होतात, याची वाच्यता करू नये. दारूविरोधी नाटकात सर्वांत खमंग वाक्ये दारुड्याला का दिली, याचा खुलासा गाईडात सापडत नाही. म्हणजे तो प्रश्नच नाही.

5. हाच साचा सर्वत्र वापरावा. ‘नटसम्राट’ नाटकात मुले कृतघ्न, म्हातारे नट अप्पासाहेब बिचारे. निवृत्त होताच सारे काही मुलांना वाटून टाकताना त्यांना उदार राजाची आणखी एक भूमिका करायची हौस तर आली नव्हती ना, ही शंका गिळावी. श्यामची आई प्रेमळ, शिस्तप्रिय. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला ती झोडपते, त्यात मुलाचे हित किती आणि ‘लोक त्याला भित्रा म्हणतील’ ही टोचणी किती, हा हिशेब मांडू नये.

6. ‘तुमचे मत लिहा’ असे विचारल्यास गोंधळू नये. तुमचे मत गाईडात उत्तराच्या शेवटी छापलेले असते.

विशेष सूचना : परीक्षेपूर्वी मूळ पुस्तक वाचू नये. वाचल्यास सुधाकर ओळखीचा वाटू लागतो. अपमान न पचणारा, मदत झिडकारून मोडून पडणारा असा एखादा काका पुष्कळ घरांत असतो, आणि तो चार विशेषणांत मावत नाही. निकाल लागल्यावर मात्र खुशाल वाचावे. तेव्हा गुण द्यायला कोणी बसलेले नसते, त्यामुळे उत्तर चुकण्याची भीती नाही.