सातवं अक्षर

हौशी कवी ओळखायचा तर त्याचा चेहरा बघू नये, पिशवी बघावी. तिच्यात एक वही असते, वहीत न मावलेले सुटे कागद असतात, आणि स्वखर्चाने काढलेल्या संग्रहाच्या दोन प्रती असतात. प्रतींवर ‘यांना सप्रेम भेट’ एवढं आधीच लिहून ठेवलेलं असतं. नावाची जागा तेवढी मोकळी, म्हणजे समोर कोण येईल त्याची ती. ‘एकच छोटीशी रचना ऐकवतो, वेळेचं भान आहे मला,’ असं म्हणून तो उठतो. ज्याला वेळेचं खरंच भान असतं तो असं म्हणत नाही. तो उठतच नाही.

असे दहा-बारा जण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या पेठेतल्या एका वाचनालयाच्या माडीवर जमतात. पुण्याला याचं नवल नाही. चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या कवींनी 1923 मध्ये याच गावात रविकिरण मंडळ काढलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली नावं. त्यांची टिंगल करायला केशवकुमार हे नाव घेऊन साक्षात अत्रे होते. आमची टिंगल करायला बाहेरचं कोणी येत नाही, तेव्हा तेही काम आम्हालाच करावं लागतं. त्याला आम्ही ‘चर्चा’ म्हणतो.

चर्चेची भाषा नवख्याला समजावून सांगावी लागते. ‘वेगळी आहे’ म्हणजे कळली नाही. ‘आशय चांगला आहे’ म्हणजे वृत्त फसलंय. ‘वृत्त अगदी निर्दोष’ म्हणजे बाकी काहीच नाही. ‘अजून थोडी मुरू द्या’ म्हणजे पुन्हा आणू नका. ज्याने आपल्या कवितेला ‘वा’ म्हटलं त्याच्या कवितेला ‘वा’ म्हणणं भागच असतं, आणि ही उसनवारी वर्षानुवर्षं फिटत नाही. ‘मुकर्रर’ मात्र जपून म्हणावं. कवी खरोखरच पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

पण ही सगळी सभ्यता सर आणि अण्णा येईपर्यंतच.

सर भौतिकशास्त्राचे निवृत्त शिक्षक. देव मानत नाहीत. आगरकर 1895 मध्ये गेले आणि त्यानंतर विवेकवादाची जबाबदारी जवळपास थेट आपल्यावर आली, अशी त्यांची समजूत आहे. मधल्यांपैकी देवाला निवृत्त करा म्हणणारे डॉ. लागू तेवढे त्यांना मान्य आहेत, तेही नटसम्राट म्हणून नव्हे. लिहितात गझल. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ त्यांच्याकडे आहे, बहुधा झेरॉक्सची झेरॉक्स असावी. ती ते लाल फडक्यात बांधून आणतात. भजी खाल्लेल्या हाताने तिला कोणी शिवायचं नाही. हात धुऊन या, मग पान उघडा. ‘तेलाचे डाग पडतात,’ असं शास्त्रीय कारण ते देतात. यावर अण्णा काही बोलत नाहीत, नुसते फडक्याला नमस्कार करतात.

अण्णा लेखापरीक्षण खात्यातून निवृत्त. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, आषाढीला आळंदी ते सासवड पायी आणि पुढे एसटी. अभंग लिहितात. हयातभर दुसऱ्यांच्या हिशोबातली चूक काढल्याने कविता ऐकतानाही त्यांचा उजवा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असतो. समोरचा प्रेमात आकंठ बुडालेला असताना अण्णा म्हणतात, ‘दुसऱ्या कडव्यात एक मात्रा जादा खर्ची पडलीय.’ त्यांची टीका हे सरळ अर्धसमास पत्र असतं: आक्षेप डावीकडे, खुलासा उजवीकडे, आणि खुलासा समाधानकारक नाही हे आधीच ठरलेलं.

मागे एका बैठकीत सरांनी मतला टाकला. भुजंगप्रयात, म्हणजे लगागा चार वेळा. बाकावर ताल धरून त्यांनी म्हटलं:

तुझा ना पुरावा, कुठे गाव देवा?
तरी रोज ओठी तुझे नाव देवा!

पाठोपाठ सात शेर. प्रत्येकाच्या शेवटी ‘देवा’, रदीफच तो. अण्णांचा अंगठा थांबला.

‘सर, वृत्ताला आक्षेप नाही. पण मी मोजलं. तुम्ही देवाला नऊ वेळा हाक मारलीत. मी सकाळी हरिपाठात बसतो तरी एका बैठकीत एवढ्यांदा त्याला त्रास देत नाही.’

‘अण्णा, हा उपरोध आहे.’

‘असेल. पण ज्याला हाक मारताय त्याला ते कळायला नको का? तो म्हणेल, भक्तच दिसतोय, बोलावतोय एवढा तर जाऊन येऊ.’

‘तो नाहीच, तर येईल कुठून?’

‘मग पत्र कुणाच्या पत्त्यावर टाकताय?’

सरांनी लाल फडकं सोडलं. कवितेतलं संबोधन म्हणजे पत्ता नव्हे, हे ते पंचवीस मिनिटं सांगत होते. त्यांनी शेवटी कबूल केलं (कबूल म्हणजे, आवाज उतरवून सांगितलं) की खरं तर त्यांना रदीफ ‘विवेक’ हवी होती. पण बसेना.

बसणार कशी? ज्यांनी शाळेत गण पाठ केले आणि शाळा सुटल्यावर विसरले, त्यांच्यासाठी सांगतो. भुजंगप्रयातात एका लघूनंतर दोन गुरू येतात, पुन्हा एक लघू, पुन्हा दोन गुरू. ‘विवेक’ म्हणजे लघू, गुरू, लघू. बारा अक्षरांत तो शब्द कुठेही शिरत नाही, पुढून नाही, मागून नाही. ‘देवा’ मात्र दोन्ही गुरू, जिथे जागा दिसेल तिथे ऐसपैस मांडी घालतो. उभ्या महाराष्ट्रात सरांना सर्वांत प्रिय असलेला शब्द त्यांच्या सर्वांत प्रिय वृत्तात मावत नाही, आणि ज्याला ते हुसकून लावायला निघालेत तो मजेत मावतो. मला हे फार दारुण वाटतं. अण्णांना ते कृपेचं लक्षण वाटलं.

तुम्ही म्हणाल, अण्णा जिंकले. थांबा, अण्णांची वही अजून उघडायचीय. अभंगाचा हिशोब सोपा आहे: सहा, सहा, सहा, चार. अण्णांनी डोळे मिटून म्हटलं:

विठू उभा दारी । हाती माझी वही ।
म्हणतो कर सही । पावतीची ॥

आम्ही वा म्हटलं. खरंच आवडला होता. पंढरीचा राणा लेखापरीक्षकाच्या दारात पावती घेऊन उभा, ही कल्पना अण्णांशिवाय कुणाला सुचली नसती. एवढ्यात सरांनी बाकावर बोटं वाजवली. ‘म्ह-ण-तो-क-र-स-ही. सात.’

शांतता पसरली. अण्णांच्या कारकिर्दीत त्यांच्यावर आक्षेप निघण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

‘भाव बघा सर, अक्षरं काय मोजता?’ अण्णा म्हणाले. मी स्वतः ऐकलं. ज्यांनी आयुष्यभर मोजण्याशिवाय दुसरं काहीही केलं नाही, त्या अण्णांनी हे म्हटलं.

‘“म्हणतो”चं “म्हणे” करा. सहा होतात.’

‘कसं करू? मला पहाटे असंच ऐकू आलं. तो “म्हणतो कर सही” असंच म्हणाला.’

‘अहो, “म्हणतो” तो कशाला म्हणेल? तो फक्त “कर सही” म्हणाला असेल. “म्हणतो” तुमचं आहे.’

निरुत्तर झालेला माणूस दोन गोष्टी करतो: चहा मागतो किंवा तुकोबांना पुढे करतो. अण्णांनी दोन्ही केलं. संतांच्या अभंगांतही अक्षर मागंपुढं होतं, म्हणून काय गाथा बुडाली? तरलीच ना? झालं. गाथेचं नाव निघालं आणि त्या दिवशी उरलेल्या चौघांच्या कविता राहिल्या त्या राहिल्याच.

हा वाद मराठी माणसाला नवा नाही. अण्णा म्हणाले, तेराव्या दिवशी इंद्रायणीने वह्या कोरड्या वर दिल्या. सर म्हणाले, कागद आणि पाणी यांचा संबंध मी पस्तीस वर्षं शिकवलाय. वह्या बुडाल्या असतील, पण लोकांना अभंग तोंडपाठ होते, त्यांनी ते पुन्हा लिहून काढले, गाथा तरली ती लोकगंगेत. अण्णा म्हणाले, मग लोकांना तोंडपाठ व्हावेत असे शब्द तुकोबांना दिले कुणी? सर म्हणाले, तुकोबांनीच तुकोबांना दिले. इथवर दोघांचंही मला पटत होतं, आणि माझ्यासारख्या कुंपणावरच्या माणसाची हीच पंचाईत असते. मग सरांनी एक वाक्य टाकलं: ‘तुमची वही बुडवून बघूया का, सात अक्षरांसकट?’ अण्णांनी वही पोटाशी धरली. श्रद्धा आपल्या जागी, पण नदीचं पाणी हल्ली कसं आहे हे त्यांनाही माहीत आहे.

मला स्वतःला त्या कथेत तिसऱ्याच माणसाचं आकर्षण आहे. वाघोलीचे रामेश्वर भट्ट. मराठी वाङ्मयाने त्यांच्याइतका कडक समीक्षक पाहिला नाही. ‘अजून मुरू द्या’ वगैरे नाही; पाण्यात टाका, बस्स. पण परंपरा सांगते की पुढे तेच तुकोबांचे शिष्य झाले आणि तुकोबांची आरतीही त्यांनीच रचली. मत बदलणारा टीकाकार! आमच्या माडीवर इतकी वर्षं चर्चा चालू आहे. एकाने दुसऱ्याची आरती सोडा, दुसऱ्याचा संग्रह पूर्ण वाचल्याचंही कानावर नाही.

आमच्यात हायकू लिहिणाऱ्या एक ताई आहेत. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हा प्रकार तीन ओळींत संपतो, म्हणून ताई सर्वांना आवडतात. त्यांनी मध्यस्थीसाठी विंदांचं नाव काढलं. ‘अष्टदर्शने’मध्ये विंदांनी सात पाश्चात्य तत्त्वज्ञांच्या पंगतीला आपला चार्वाक बसवला, आणि लिहिलं ते जुन्या देशी छंदात. दोघांचंही समाधान व्हावं, एवढाच ताईंचा हेतू. सर म्हणाले, ‘बघा, चार्वाक!’ अण्णा म्हणाले, ‘बघा, छंद!’ ताईंनी हायकू न वाचताच पर्स उचलली.

1995 मध्ये 21 सप्टेंबरला गणपती दूध प्यायला, तेव्हा हे दोघे एकमेकांना ओळखत नव्हते. सर त्या दिवशी शाळेत चमचा आणि मूर्ती घेऊन पृष्ठताण शिकवत होते आणि अण्णा देवळाबाहेर रांगेत होते. आता तो विषय निघाला की सर अजून चमचा मागवतात. अण्णांचा युक्तिवाद मात्र वेगळाच आहे. ‘पृष्ठताण असेल तर असू द्या. त्या दिवशी दुधाचा भाव किती वाढवून घेतला ते सांगा. देवाने फुकट प्यायलं, वसुली माणसाने केली.’ हे वाक्य सरांनी वहीत उतरवून घेतलं. अंधश्रद्धेवर इतकं चांगलं वाक्य त्यांना स्वतःला सुचलं नव्हतं, आणि ते माळकऱ्याच्या तोंडून आल्याचं ते कुठेही सांगत नाहीत.

तर माणसाचा हा नमुना असा आहे. दुसऱ्याची कविता ऐकताना तो चार्वाकाचा सख्खा भाऊ असतो: पुरावा आणा, मात्रा दाखवा, गण सिद्ध करा. स्वतःची वही उघडली की त्याच्याइतका भाविक पंढरपुरात नाही. अण्णांना पहाटे ऐकू येतं, हे समजू शकतं. त्यांचा तसा करारच आहे. पण सरही म्हणतात, ‘ही मी लिहिली नाही हो. उतरली.’ कुठून उतरली, कोणत्या वेगाने, उतरण्याआधी कुठे होती, हे प्रश्न भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला पडत नाहीत. विचारलं तर रागावतात. सरांचा देवावर विश्वास नाही, पण येत्या दिवाळी अंकांत आपली गझल लागणार यावर आहे. त्याबद्दलचा पुरावा दर वर्षी उलट बाजूचाच मिळतो. साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर मिळणाऱ्या तीन-चार मिनिटांसाठी हे दोघे रेल्वेचं तिकीट काढून परगावी जातात. समोर खुर्च्यांवर आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारे कवीच बसलेले असतात. याला तर्क म्हणायचं की श्रद्धा, याचा निकाल त्यांनीच लावावा.

निकाल लागला नाही, पण पुढच्या बैठकीत एक गोष्ट घडली. अण्णांनी तोच अभंग पुन्हा म्हटला आणि ‘म्हणे कर सही’ म्हणाले. आम्ही सरांकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत होते. सरांची पाळी आली. त्यांनी घसा साफ केला आणि नवी गझल काढली. अण्णांनीच म्हणे जिन्यावर त्यांना गाठून सुचवलं होतं: ‘नुसता विवेक बसत नाही, पण हाक मारून बघा सर. विवेका! लघू, गुरू, गुरू. बरोब्बर एक घास.’

तुझे नाव ओठी असू दे विवेका

अण्णांनी हात जोडले. सरांनी विचारलं, ‘नमस्कार कुणाला?’ अण्णा म्हणाले, ‘वृत्ताला.’ त्यावर मुकर्ररही अण्णांनीच म्हटलं, आणि सरांनी सगळी गझल मक्त्यापर्यंत दोनदा ऐकवली. अण्णांचा नवा अभंग त्यामुळे राहून गेला.

दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाचला, माडीवर. प्रवेश सर्वांना खुला आहे, चहा आमच्याकडे. श्रद्धाळू या, नास्तिक या, कुंपणावरचे तर जरूर या. अट एकच, आणि ती अण्णा व सर दोघांनी मिळून घातलीय. त्यांचं एकमत झालेला तेवढा एकच मुद्दा आहे: येणारा कविता करणारा नसावा. कवी आमच्याकडे पुरेसे आहेत. ऐकणारा अजून एकही मिळालेला नाही.